विहार, तीर्थ आणि बिंदुसरेचा काठ

शहरात राहणारा माणूस संध्याकाळी घराबाहेर पडून तळ्याकाठी, नदीकाठी किंवा गावाबाहेरच्या टेकडीवर जातो, तेव्हा तो नेमके काय करतो, हा प्रश्न वरवर पाहता धर्मचिंतनाच्या कक्षेतला वाटत नाही. तो हवा खायला गेला, पाय मोकळे करायला गेला, असे व्यवहारात म्हटले जाते आणि विषय तिथेच संपतो. परंतु त्या तळ्याच्या मध्यभागी एखादे शिवालय उभे असेल, त्या टेकडीवर एखाद्या अवलियाची कबर असेल आणि त्याच वाटेने दर्शनाला निघालेली माणसेही चालत असतील, तर विरंगुळ्यासाठी आलेला आणि दर्शनासाठी आलेला यांच्यात धर्मदृष्ट्या काही भेद करता येतो का, आणि येत असल्यास तो कशाच्या आधारे, हे ठरवणे भाग पडते. मुंबई-पुण्यासारख्या महानगरांत हा प्रश्न उद्याने, मोकळ्या जागा आणि नागरिकांचे आरोग्य या भाषेत विचारला जातो. मराठवाड्यातल्या बीडसारख्या शहरात तो अधिक जुन्या आणि अधिक खोल भाषेत विचारता येतो, कारण तिथे मोकळी हवा आणि देवस्थान या दोन गोष्टी आजही एकाच जागी नांदतात.

२०११ च्या जनगणनेत जेमतेम दीड लाखाच्या घरात लोकसंख्या असलेले बीड हे बालाघाटच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, बिंदुसरा नदीच्या दोन्ही काठांवर वसलेले आहे. ही नदी दक्षिणेकडच्या डोंगरात उगम पावते, शहराला दुभंगून उत्तरेकडे जाते, सिंदफणेला मिळते आणि सिंदफणेच्या रूपाने अखेर मंजरथ येथे गोदावरीत विलीन होते. शहराच्या पूर्वभागात यादवकाळातले कंकालेश्वराचे मंदिर चौकोनी जलाशयाच्या मध्यभागी उभे आहे. तारकाकृती विधानाचे, म्हणजे पायापासूनच अनेक कोन बाहेर काढत चांदणीसारख्या आकारात बांधलेले, तीन गर्भगृहांचे हे शिल्पसमृद्ध मंदिर पाण्यात उभे असल्याने तिथे जाणाऱ्याला देवाकडे जाताना पाण्यावरूनच जावे लागते. दुसरीकडे खंडेश्वरीच्या माळावर उंच दीपमाळा आहेत, तर शहरालगतच्या उंचवट्यावर शहेनशाहवलींचा दर्गा आहे. बीडच्या रहिवाशाला झाड, पाणी, वारा आणि मोकळे आकाश जिथे सापडते, त्या जागांची यादी करू गेले तर ती जवळजवळ देवस्थानांचीच यादी होते, ही गोष्ट योगायोगाची मानता येत नाही.

या जागा एका अर्थाने निसर्गनिर्मित नाहीतच. कंकालेश्वराचे तळे माणसांनी खोदले, घाट माणसांनी बांधला, दर्ग्याच्या परिसरातली झाडे कोणीतरी लावली आणि कोणीतरी त्यांना पाणी घातले. सुमारे साडेसहाशे मिलिमीटर सरासरी पावसाच्या, तोही एखाद्या वर्षी दगा देणाऱ्या पावसाच्या प्रदेशात आपोआप टिकून राहिलेला हिरवा कोपरा दुर्मिळच असतो. पाटोदा तालुक्यात १९९४ मध्ये घोषित झालेले सुमारे ३० चौरस किलोमीटरचे नायगाव मयूर अभयारण्य किंवा सौताड्याचा धबधबा ही स्थळे जिल्ह्यात आहेत खरी, पण ती रोजच्या पायी फिरण्याच्या टप्प्यात येत नाहीत. त्यामुळे ‘शहरात निसर्ग शोधणे’ या शब्दप्रयोगात जी एक गृहीत कल्पना दडलेली असते, की माणसाने बांधलेले ते शहर आणि माणसाने न बांधलेला तो निसर्ग, ती बीडमध्ये पहिल्याच पावलावर अडखळते.

भाषेकडे वळल्यास हा गुंता अधिक अर्थपूर्ण होतो. ‘विहार’ हा शब्द घ्यावा. नौकाविहार, वनविहार यांत तो मौजेखातर हिंडणे या अर्थाने येतो. परंतु बौद्ध परंपरेत विहार म्हणजे भिक्षूंचे निवासस्थान, साधनेची जागा. भिक्षू वर्षावासाव्यतिरिक्त, म्हणजे पावसाळ्यातला एका जागीचा मुक्काम सोडून, एरवी फिरते असत. मुंबईतल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सुमारे १०४ चौरस किलोमीटर वनक्षेत्राच्या पोटात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. आज जिथे नगरवासी सुटीच्या दिवशी विहाराला जातात, तिथे एके काळी खरोखरच विहार होते. संस्कृतातला ‘आराम’ म्हणजे ज्यात मन रमते अशी बाग, आणि ‘संघाराम’ म्हणजे पुन्हा भिक्षूसंघाची वसती. मराठीत विश्रांतीसाठी रुळलेला ‘आराम’ फारसीतून आला असला, तरी मराठी कानाला या दोन्ही शब्दांची सरमिसळ जाणवत नाही, इतके त्यांचे अर्थ शेजारी बसतात. दर्ग्याच्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या दखनीतला ‘सैर’ हा शब्दही असाच आहे: व्यवहारात सैर म्हणजे फेरफटका, तर सूफी परिभाषेत सैर म्हणजे साधकाचा ईश्वराच्या दिशेने होणारा आंतरिक प्रवास. अद्वैत वेदान्तातही असा एक शब्द आहे. ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त जगाकडे पाहण्याची जी दृष्टी मांडली, तिला अभ्यासक ‘चिद्विलास’ म्हणतात. म्हणजे जग हा भ्रम नसून चैतन्याचाच विलास आहे, आणि विलास या शब्दाला क्रीडेचा, मौजेचा गंध आहेच. विहार, आराम, सैर, विलास हे शब्द वेगवेगळ्या धर्मपरंपरांतून आलेले असूनही प्रत्येकात मौज आणि मोक्ष एकाच घरात राहतात, याचा अर्थ या परंपरांना दोहोंतले अंतर आजच्याइतके मोठे वाटत नसावे, असे अनुमान काढणे वावगे ठरणार नाही.

तरीही परंपरेने हा भेद पुसून टाकलेला नाही, आणि तो कुठे ठेवला हे पाहण्यासाठी सांख्य-योग दर्शनाकडे जावे लागते. सांख्यांच्या मते प्रकृती, म्हणजे सत्त्व, रज आणि तम या तीन गुणांनी विणलेले सर्व दृश्य जग, आणि पुरुष, म्हणजे केवळ पाहणारे चैतन्य, ही दोन स्वतंत्र तत्त्वे आहेत. पतंजलींनी योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात दृश्याचे प्रयोजन सांगताना दोन गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत: दृश्य हे भोगासाठी आहे आणि अपवर्गासाठी, म्हणजे सुटकेसाठीही आहे. एकच नदी एकाला भोग देते आणि दुसऱ्याला सुटका. नदीत फरक नसतो, तो पाहणाऱ्यात असतो. सांख्यांनी प्रकृतीला रंगभूमीवरच्या नर्तकीची उपमा दिली आहे. ती आपले नृत्य दाखवते आणि पाहणाऱ्याचे पाहणे पूर्ण झाले की निवृत्त होते. मराठीत ‘प्रकृती’ हा शब्द तब्येतीसाठीही वापरला जातो, आणि वैद्याच्या सल्ल्याने तळ्याभोवती फेऱ्या घालणारा मनुष्य प्रकृतीसाठी प्रकृतीकडे गेलेला असतो. हे भोगाच्या बाजूचे प्रयोजन झाले, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, कारण दर्शनकारांनी भोगाला दृश्याचे एक रास्त प्रयोजन म्हणूनच स्थान दिले आहे.

बीड जिल्ह्याच्या भूमीत या प्रश्नाला दिली गेलेली उत्तरे मात्र एकसारखी नाहीत. गेवराई तालुक्यातले गोदाकाठचे पांचाळेश्वर हे महानुभाव पंथाचे महत्त्वाचे तीर्थ आहे, आणि या पंथाने साधकासाठी ‘अटन’ आणि ‘विजन’ अशी दोन आचरणे सांगितली आहेत. अटन म्हणजे एका जागेची आसक्ती जडू नये म्हणून सतत फिरत राहणे, आणि विजन म्हणजे वस्तीबाहेर, झाडाखाली, निर्जन जागी बसून नामस्मरण करणे. वरकरणी हे आजच्या निसर्गभ्रमणासारखे दिसते, परंतु साधक ज्या झाडाखाली बसतो ते झाड त्याच्या लक्षाचा विषय नसते. तिथे माणसे नाहीत एवढेच त्या जागेचे मोल. अंबाजोगाईला ज्यांची समाधी आहे आणि ज्यांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेनुसार शके १११० मध्ये, म्हणजे ११८८ मध्ये रचला गेला, त्या मुकुंदराजांच्या अद्वैतातही नामरूपाच्या पलीकडे जाण्यावर भर आहे. चिद्विलासाची दृष्टी याहून वेगळी पडते, कारण तिथे नामरूपाला ओलांडून जायचे नसते. पाण्यावरचा तरंग पाहणे हेच पाणी पाहणे असते. शहरातल्या माणसाला संध्याकाळच्या प्रकाशात तळे पाहताना जो थांबा लाभतो, त्याला धर्माच्या भाषेत जागा द्यायची असेल, तर ती विजनापेक्षा चिद्विलासाच्या दृष्टीत अधिक सहजपणे सापडते.

युरोपीय तत्त्वज्ञानात या थांब्याचे सर्वांत काटेकोर विवेचन इमॅन्युएल कांट यांनी १७९० मध्ये केले. सुंदर वस्तू पाहताना होणारा आनंद हा हितसंबंधरहित असतो, म्हणजे ती वस्तू आपल्या मालकीची व्हावी, आपल्या उपयोगी पडावी, अशी इच्छा त्या आनंदात मिसळलेली नसते, असे त्यांचे म्हणणे होते; रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ या १९७४ च्या ग्रंथात या भूमिकेची सखोल चिकित्सा मराठीत आणली. निष्काम भावनेशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटत नाही, आणि देवदर्शन व निसर्गदर्शन यांना जोडणारा दुवा इथे मिळाला असेही वाटते: दोन्हींत पाहणारा काही मागत नाही, केवळ पाहतो. देवाकडे मागणे न मागता जाणारा भक्त श्रेष्ठ, असे संतपरंपरा सांगत आलीच आहे.

परंतु बीडमध्ये हा दुवा फार काळ टिकत नाही. पाण्याकडे हितसंबंधरहित दृष्टीने पाहण्यासाठी आधी तहान भागलेली असावी लागते. १९७२ च्या दुष्काळाची आठवण या जिल्ह्यातल्या प्रत्येक घरात पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. २०१६ च्या उन्हाळ्यात केज तालुक्यातल्या धनेगाव येथील मांजरा धरण कोरडे पडल्यावर त्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही घटना तर अगदी अलीकडची आहे. टँकरभोवती घागरी घेऊन उभ्या असलेल्या बाईने पाण्याच्या पृष्ठभागावरचा प्रकाश पाहावा, ही अपेक्षा करणारा सौंदर्यविचार अपुरा आहे. तो खोटा नाही. मात्र ज्याच्यासाठी तो मांडला आहे त्या माणसाचे पोट आणि रांजण दोन्ही भरलेले आहेत, हे त्यात न सांगता गृहीत धरले आहे.

इथे मराठी भाषा पतंजलींच्या सूत्रावर एक अनपेक्षित भाष्य करते. संस्कृतात भोग म्हणजे सुखदुःखाचा अनुभव. मराठी बोलीत मात्र भोग म्हणजे प्रामुख्याने वाट्याला आलेले दुःख. ‘आपले भोग’, ‘भोग सरले’, ‘भोगावे लागते’ या बोलण्यात मौजेचा लवलेश नाही. दृश्य हे भोगासाठी आहे हे विधान मराठी कानांनी ऐकले, तर त्याचे दोन अर्थ एकदम उमटतात आणि दोन्ही खरे ठरतात: तळ्याकाठी फिरणाऱ्याला तोच उघडा निसर्ग सुख म्हणून मिळतो, आणि ऊसतोडीला जाणाऱ्याला तो दुःख म्हणून भोगावा लागतो. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात; नवरा-बायकोची जोडी ‘कोयता’ या एकाच नावाने मोजली जाते, आणि पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोपीत, थंडीवाऱ्यात, उघड्या शिवारात त्यांचे सहा महिने जातात. मोकळ्या हवेतले जीवन ज्यांच्यावर लादले गेले आहे, त्यांच्यासमोर मोकळ्या हवेचे गुणगान करताना लेखणी अडते, आणि ती अडावीच. विहाराला विहारपण येते ते परत येण्यासाठी घर असते म्हणून, आणि न जाण्याचीही मुभा असते म्हणून.

मग शहरी माणसाचा तळ्याकाठचा विरंगुळा हा केवळ सुस्थितीचा उपभोग ठरतो काय? तसे मानण्यापूर्वी धर्मशास्त्रातली एक जुनी विभागणी विचारात घ्यावी लागते. स्मृतिकारांनी पुण्यकर्मांचे ‘इष्ट’ आणि ‘पूर्त’ असे दोन वर्ग केले आहेत. इष्ट म्हणजे यज्ञयागादी वैदिक कर्मे. पूर्त म्हणजे लोकांसाठी केलेली भर, जिच्यात विहिरी, बारवा, तळी आणि देवळे बांधणे, अन्नदान करणे आणि बागा, म्हणजेच पूर्वोक्त आराम, लावणे यांचा समावेश होतो. इष्टाचा अधिकार द्विजांपुरता मर्यादित होता. पूर्ताचा अधिकार मात्र शूद्र म्हणून बाजूला ठेवलेल्यांनाही होता. विषमतेने ग्रासलेल्या त्या व्यवस्थेत झाड लावण्याचे आणि पाणी उपलब्ध करून देण्याचे पुण्य तरी सर्वांसाठी खुले राहिले, ही गोष्ट लहान नाही. इस्लामी परंपरेत याच्याशी जुळणारी कल्पना ‘सदका-ए-जारिया’ ही आहे, म्हणजे देणाऱ्याच्या मृत्यूनंतरही वाहत राहणारे दान, आणि विहीर खोदणे व झाड लावणे ही त्याची नेहमी दिली जाणारी उदाहरणे आहेत.

बीडच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर असलेली खजाना बावडी ही या कल्पनेचे दगडी रूप आहे. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या अमलात, सलाबतखान या सरदाराच्या कारकिर्दीत ती बांधली गेली. आत विहिरीला वळसा घालणारा ओटा आहे, भूमिगत मार्गांनी पाणी तिच्यात येते आणि तशाच मार्गाने बाहेर पडून उतारावरच्या शेतजमिनीला पोहोचते. उपसा करायला मोट नको आणि बैल नकोत, केवळ जमिनीच्या उताराचे गणित पुरेसे. अवर्षणातही तिचे पाणी हटत नाही अशी तिची ख्याती आहे. कान्हेरीच्या विहारांसमोर कोरलेल्या पाण्याच्या टाक्यांना, ज्यांना शिलालेखांत पोढी म्हटले आहे, दात्यांची नावे जोडलेली आढळतात. बावडीची गोष्टही त्याच कुळातली आहे. या ओट्यावर उन्हाळ्याच्या दुपारी टेकणाऱ्याला जो गारवा मिळतो तो निसर्गाचा की सलाबतखानाच्या काळातल्या गवंड्यांचा, असे विचारले तर दोन्ही उत्तरे अपुरी पडतात, कारण डोंगरातून झिरपणारे पाणी आणि त्या पाण्याची नस ओळखून त्याला वाट करून देणारे हात, या दोहोंशिवाय तो गारवा नाही.

या दृष्टीने पाहता दर्शनाला आलेला आणि हवा खायला आलेला यांच्यातला भेद त्यांच्या मनोवृत्तीत शोधणे फारसे फलदायी नाही. दोघेही कोणाच्या तरी पूर्ताचे लाभार्थी आहेत आणि दोघांवरही त्याचे ऋण चढते. गृहस्थाने रोज करावयाच्या पाच महायज्ञांपैकी ‘भूतयज्ञ’ म्हणजे प्राणिमात्रांसाठी आपल्या अन्नातला वाटा काढून ठेवणे. पूर्वी तो चुलीपाशी आणि अंगणात पार पडत असे. शहरी घराला अंगण उरलेले नसताना या यज्ञाची जागा कुठे असावी, असा प्रश्न केला, तर ती तळ्याच्या काठी, नदीच्या पात्रात आणि टेकडीवरच्या रोपांपाशी आहे, असे उत्तर देता येते.

असा एक प्रयत्न बीडजवळच्या पालवणच्या उजाड डोंगरावर झाला. अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने तिथे ‘सह्याद्री देवराई’ उभी राहिली आणि १३ व १४ फेब्रुवारी २०२० रोजी तिथे वृक्षसंमेलन भरले, ज्याचे अध्यक्षपद वडाच्या झाडाला देण्यात आले. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान, ज्यात कुऱ्हाड चालवायची नाही असा गावाचा दंडक असतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि कोकणात अशा राया पिढ्यान्पिढ्या टिकल्या. पालवणला राखायला जुने रान नव्हते, ते लावावे लागले; म्हणजे आधी पावित्र्याचे नाव आले आणि मग झाडे आली. लावलेल्या रानाला देवराई म्हणता येईल का, अशी शंका कोणी घेऊ शकेल. परंतु कंकालेश्वराचे तळेही कधी काळी खोदलेलेच होते, आणि खोदलेल्या पाण्याला तीर्थ म्हणताना आठशे वर्षांत कोणी अडखळलेले नाही. तीर्थ या शब्दाचा मूळ अर्थच नदी ओलांडण्याचा उतार असा आहे. जिथून माणसे पार जातात, ती जागा तीर्थ होते.

शहरातून वाहणारी बिंदुसरा मात्र या कसोटीला आज उतरत नाही. वर्षातला बराच काळ तिच्या पात्रात डोंगरातल्या पाण्यापेक्षा घरांतले सांडपाणी अधिक असते, काठ बांधकामांनी आवळले गेले आहेत, आणि पूल ओलांडणारा सहसा खाली पाहत नाही. जुलै १९८९ मधल्या महापुरात याच नदीने शहरात हाहाकार उडवला होता, तेव्हा पात्राची खरी रुंदी किती हे तिने स्वतःच दाखवून दिले होते. जिच्या काठावर गाव वसले, तिच्याकडे पाठ करून तेच गाव देवदर्शनाला आणि हवापालटाला इतरत्र जाते, ही आजच्या शहरी धर्माचरणातली सर्वांत दुःखद विसंगती आहे, आणि तिचे उत्तर कोणत्याही दर्शनग्रंथात शोधण्याची गरज नाही, कारण ते नदीच्या पात्रात उतरूनच द्यावे लागेल.

पावसाळ्यात मांजरसुंब्याच्या डोंगरातल्या कपिलधारला धबधबा कोसळू लागतो, तेव्हा बीडहून माणसे तिथे लोटतात. तिथेच वीरशैव संतकवी मन्मथस्वामींची समाधी आहे. वीरशैव मत देवाला ‘स्थावर’ देवळापेक्षा ‘जंगम’ रूपात, म्हणजे चालत्याबोलत्या भक्तात आणि अंगावर धारण केलेल्या इष्टलिंगात पाहते. त्यामुळे अशा संताची समाधी वाहत्या पाण्याशेजारी असणे मोठे समर्पक वाटते. कार्तिकी पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते, महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून दिंड्या चालत येतात. पाऊस नुकताच सरलेला असतो, डोंगर अजून हिरवा असतो आणि धारेला पाणी असते. जिल्ह्यातले सर्वांत प्रसन्न दिवस ते हेच. ऊसतोडीच्या बहुतेक टोळ्या तोवर गाव सोडून गेलेल्या असतात, आणि त्या परततात तेव्हा पाडव्याचे ऊन तापू लागलेले असते, धार आटलेली असते.